दौलतचं पथ्य

एक

मेलेल्या माणसाच्या पिशवीत इन्सुलिनची बाटली सापडली आणि माझी रविवारची सुटी गेली.

तक्रार करत नाही. म्हणजे करतोच आहे, पण तिचा उपयोग नसतो हे ठाऊक असून करतो. मी यशवंतराव, मूळचा वांकिडीचा, आदिलाबादच्या एका दवाखान्यात समाजसेवक. पदाचं नाव मोठं, काम एवढंच की डॉक्टरांना जे सांगवत नाही ते घरच्यांना जाऊन सांगायचं. मी दारात दिसलो की बाया तोंडाला पदर लावतात. तेव्हा अजून आंध्रच होतं, वेगळ्या राज्यासाठी उठसूट बंद असायचा. अशाच एका बंदच्या दिवशी, एप्रिलच्या उन्हात, मी दुखरे गुडघे पसरून बसलो होतो आणि हैदराबादहून डॉक्टर मॅडमचा फोन आला.

मॅडम अवयव बदलण्याच्या शस्त्रक्रिया करतात. त्यांच्याकडे दौलत नावाचा चौतीस वर्षांचा माणूस यंत्रावर होता. इचोड्याहून आत बोरदरा म्हणून गाव आहे, तिथला कापूस लावणारा शेतकरी. इचोड्याच्या ढाब्यापुढे वळणाऱ्या ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं होतं. हृदय चालू होतं, मेंदू मेला होता. बायको आणि थोरला भाऊ यांनी अवयव द्यायला होकार दिला, सह्या केल्या आणि दोघं घरच्या तयारीसाठी गावी परतली. मेव्हणा तिथं थांबला होता.

“मूत्रपिंडं चांगली आहेत, यकृत चांगलं आहे,” मॅडम हिंदीत म्हणाल्या. “अडलंय ते स्वादुपिंडापाशी.”

स्वादुपिंड म्हणजे जठरामागची ती ग्रंथी, जी अंगात इन्सुलिन बनवते. तिनं ते बनवणं सोडलं की माणसाला आयुष्यभर सुई. मॅडमच्या वॉर्डात एक तरुण शिक्षिका दाखल होती. तिला लहानपणापासून साखरेचा आजार, आता मूत्रपिंडंही गेलेली, एका डोळ्यानं दिसेनासं झालेलं. तिला मूत्रपिंड आणि स्वादुपिंड दोन्ही एकाच दात्याचं हवं होतं आणि दौलतचं तिच्याशी जुळलं होतं. असा जोड तिला पहिल्यांदाच मिळत होता. दुसरा मिळेपर्यंत ती राहील, असं म्हणायला कोणी तयार नव्हतं.

तसा दौलत नाव ठेवायला जागा नाही असा दाता. तरुण, सडपातळ, दारू नाही, पोटाला मार नाही. रक्तातली साखर तेवढी भलतीच चढलेली.

“त्याची मला भीती नाही,” मॅडम म्हणाल्या. “मेंदू गेला की साखर चढते, औषधांनीही चढते. मागच्या तीन महिन्यांची साखर सांगणारी एक तपासणी असते. पण याला इतकं रक्त चढवलंय की ती केली तर दुसऱ्यांच्याच रक्ताची साखर कळेल. म्हणून मी बायकोच्या शब्दावर होते. ती म्हणाली, त्यांना काही नव्हतं. आज पोलिसांनी त्याची पिशवी पाठवली. तिच्यात इन्सुलिनची बाटली आणि सुया.”

“पोट उघडल्यावर दिसणार नाही का?”

“ग्रंथी कडक आहे का, सुजली आहे का, तिच्यावर चरबी किती, हे हाताला कळतं. ती इन्सुलिन बनवत होती की नाही, हे कळत नाही. निकामी ग्रंथीसुद्धा दिसायला चांगली असू शकते. मला संध्याकाळपर्यंत खरं काय ते हवं, यशवंतराव. नाही तर मी ती घेणार नाही.”

“मग तिचं काय होईल?”

“दौलतबरोबर जळेल. आणि माझी पेशंट घरी जाईल.”

बायको खोटं बोलली असणार, असं मॅडमना वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

दोन

इचोड्यात बंदमुळे दुकानं मिटलेली. मेडिकलचं शटर तेवढं अर्धं वर होतं. वाकून आत शिरताना गुडघ्यांनी मला आणि बंदला दोघांनाही शिव्या दिल्या.

दुकानदार बाहेरून येऊन इथं रुजलेला, बोलणं हिंदीत. बाटली त्याच्याच दुकानातली होती, हे त्यानं लगेच कबूल केलं.

“दौलत? अरे साहब, पाँच साल से मेरे यहाँ से ले रहा था. बहुत अच्छा आदमी था.”

“खुद के लिए?”

“और किसके लिए? हँसता था, बोलता था, सेठ, मेरी शक्कर बडी जिद्दी है.”

“कभी लेना छूट गया?”

“कभी नहीं. हर महिने आता था. पिछली सर्दी में वो नहीं आया, तो उसका बडा भाई आके ले जाता था. बोलता था, दौलत की दवा दे दो.”

म्हणजे पाच वर्षं इन्सुलिन, आणि भावालाही ठाऊक. तोच भाऊ, चंपत, हैदराबादला सही करताना भावजयीच्या शेजारी उभा होता. ती ‘काही नव्हतं’ म्हणाली तेव्हा तो गप्प राहिला होता. म्हणजे दोघंही खोटी.

मी फोन काढला. मॅडमना एवढं सांगितलं असतं की माझी सुटका होती. अर्धा दिवस उरला होता, घरी जाऊन झोपता आलं असतं. पण बोट बटणावर अडलं. नवऱ्याचे डोळे, काळीज, सगळं देऊन मोकळी झालेली बाई एका ग्रंथीसाठी खोटं का बोलेल? तिला त्यातून काय मिळणार? माणसं खोटं बोलतात हे मी आयुष्यभर पाहिलं आहे, पण फुकट खोटं बोलणारं माणूस माझ्या पाहण्यात नाही.

फोन खिशात ठेवला आणि दवाखान्याची जीप बोरदऱ्याकडे वळवायला सांगितली. ड्रायव्हरनं माझ्याकडे असं पाहिलं की त्याचीही सुटी मीच खाल्ली होती.

तीन

गावाच्या तोंडाशी देवाजीचं चहाचं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार लाकडं आणि वर पत्रा. गावात कोणाच्या घरी जाण्याआधी तिथं बसायचं, ही माझी जुनी सवय. घरात माणसं जपून बोलतात, चहापाशी जीभ सैल सुटते.

“दौलतले साखर होती, हे तं साऱ्या गावाले मालूम हाय,” देवाजी म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. “दुरूनच ओरडे, ‘देवाजी, माहा च्या बिनसाखरेचा!’ कोनाच्या घरचा पेढा आला तं हात नाई लावे. मी म्हनो, अरे, एक खाल्ल्यानं काय मरतं? तं म्हने, नाई बापा, पथ्य म्हंजे पथ्य.”

“कधीच मोडलं नाही?”

“कधीच नाई. आमच्या गावात साखरवाले चार जन हायेत. तीन माह्याच इथं येऊन चोरून गोड च्या पेतात. घरी बायका पेऊ देत नाईत ना! दौलत एकटा पक्का.”

“तब्येत कशी होती?”

“बैलासारखा राबे. मागच्या साली तं वणीकडं जिनिंगवर गेल्ता कामाले. दिवाळी झाली का गेला तो संक्रांतीलेच परतला. मंधात एकदाबी घरी आला नाई.” देवाजीनं पुढचा ग्लास विसळला. “असा मानूस जाते अन् आमी बसून राह्यलो च्या इकत.”

मी चहा अर्धा टाकला. गोड फार होता म्हणून नव्हे. देवाजीनं आत्ता सहज सांगितलेल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना धक्के मारत होत्या.

चार

दौलतचं आणि चंपतचं घर एकाच अंगणात, समोरासमोर. अंगणाच्या मधोमध लिंब आणि लिंबाखाली खाटा टाकलेल्या. त्यांवर परगावचे चार-पाच पाहुणे बसलेले, सगळे धुतल्या कपड्यातले, अवघडलेले. त्यांत भिवाजी म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. चंपतची मुलगी मनकर्णा यांच्या घरी द्यायची ठरली होती. सुपारी फुटली होती, चार दिवसांवर साखरपुडा होता. तो आता लांबला आणि ते साखरपुड्याऐवजी सांत्वनाला आले होते.

दौलतची बायको भागीरथा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली. मूलबाळ नव्हतं. मी बाटलीचं सांगितलं. तिनं मान खाली घातली.

“बाई, डॉक्टरांना वाटतंय तुम्ही खोटं बोललात.”

“मी खोटं नाई बोलली,” ती म्हणाली. आवाज कोरडा होता. “त्यायले कायी नव्हतं. तुमी आता कितीबी इचारा, मी तेच सांगन.”

“मग बाटली कोणाची?”

तिनं पदर सारखा केला.

“गावात तर सगळे म्हणतात, पथ्याचा पक्का होता.”

त्यावर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू म्हणण्यासारखं नव्हतं, पण त्याच्या जवळचं होतं. “पथ्य कायचं, साहेब? गोडाचं येड होतं त्यायले. जेवन झालं का गुळाचा खडा पाह्यजे म्हंजे पाह्यजेच. माह्या हातचा च्या तं असा गोड घेत का चमचा उभा राहीन…”

तिचं बोलणं तुटलं. दारात चंपत उभा होता, चाळिशी उलटलेला, दाढी वाढलेला. ती पदर ओढून भिंतीकडे वळली. थोरल्या दिरासमोर बोलायची तिला चोरी होती, पण ही चोरी नुसत्या रीतीची वाटली नाही मला.

“साहेब, तिले काऊन तरास देता?” चंपत म्हणाला. “च्या घ्या अन् निंघा. पाहुने बसले हायेत.”

भागीरथाची चूल दुखवट्यामुळे बंद, म्हणून चहा चंपतच्या घरात. मला तिथल्या पडवीत बसवलं. पाहुण्यांचा चहा आधीच झाला होता. चंपतच्या बायकोनं, गयाबाईनं, घरच्यांसाठी ठेवलेल्या पातेल्यातला कप भरून दिला. एक घोट घेतला आणि थांबलो. चहात साखरेचा दाणा नव्हता.

गयाबाईच्या ते ध्यानात आलं आणि ती दचकली. “अगं माय! साखर सरली वाट्टे, साहेब.”

“चालतं,” म्हटलं. तिच्यामागे, दाराच्या आड, शिवण न उसवलेलं साखरेचं पोतं उभं होतं. साखरपुड्यासाठी आणलेलं असणार. पलीकडे दुसऱ्या पातेल्यात सकाळचा चहा उरला होता. मी उठून सहज वास घेतल्यासारखं केलं, बोट बुडवून चाखलं. तोही तसाच. या घरात चहात साखर टाकायची हाताला सवयच उरली नव्हती.

आतल्या दारातून एक मुलगी माझ्याकडे बघत होती. बारीक, सावळी, अठरा-एकोणीसची. मी पाहताच ती मागं सरली.

फोनला घरात रेंज नव्हती. लिंबाखाली, पाहुण्यांच्या खाटेशी जाऊन उभा राहिलो तेव्हा तो लगेच वाजला.

“यशवंतराव, मला शस्त्रक्रियेची तयारी करायचीय,” मॅडम म्हणाल्या. “मी नाही म्हणून टाकू का?”

“थोडं थांबा,” म्हटलं. “बाटली कोणाची ते मला कळलंय. फक्त ते कोणी बोलणार नाही.”

पाच

चंपतला गोठ्यात नेलं. बैलांशिवाय तिथं ऐकायला कोणी नव्हतं.

“चंपतभाऊ, मी बोलतो, तुम्ही ऐका. चुकलं तर सांगा.”

तो दावणीला टेकून उभा राहिला.

“साखरवाला माणूस घरी पथ्य पाळतो आणि बाहेर चोरून गोड खातो. कारण घरी बायको असते. तुमचा भाऊ उलटा. बाहेर चारचौघांत ओरडून बिनसाखरेचा चहा मागायचा आणि घरी बायकोच्या हातचा गोडमिट्ट चहा प्यायचा. ज्याला आजार असतो तो बायकोच्या भीतीनं पथ्य करतो. ज्याला आजार दाखवायचा असतो, तो लोकांपुढे करतो. मेडिकलवाला फसला, देवाजी फसला, गाव फसलं. फसणारच, रोज डोळ्यांनी बघत होते.”

“लोक कायी म्हनतेत…”

“मागच्या हिवाळ्यात दौलत वणीला होता, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. एकदाही आला नाही. आणि तुम्ही तर इचोड्याला जाऊन ‘दौलतची दवा’ घेत होतात. वणीला मेडिकल नाहीत का, भाऊ? दवा इचोड्यात घेतली गेली, कारण लागणारं माणूस इथंच होतं. ज्या घरी बिनसाखरेचा चहा उकळतो त्या घरात. तुमच्या.”

चंपतनं बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

“माहीच हाय,” तो म्हणाला. “माले हाय साखर. लिहून घ्या.”

“तुमची असती तर लपवली नसती. आपल्याकडे चाळिशी उलटलेल्या माणसाला साखर झाली तर तो दहा जणांना सांगत फिरतो, जसं काही सरपंच झाला. गयाबाईंची असती तरी कोणी लपवलं नसतं. लपवावा लागतो तो आजार लग्नाच्या पोरीचा.”

तो मटकन खाली बसला.

“तेराची होती,” तो अखेर म्हणाला. “हाडं दिसाले लागली. पांढरकवड्याले नेली, इथं कोनाले समजू नये म्हनून. डॉक्टर म्हने, जलमभर सुई. मी तं रडूनच राह्यलो होतो. दौलत म्हने, दादा, माह्या नावानं आनू. माहं लगन झालं हाय, आता माले कोन नाकारते?” चंपतनं तोंडावर उपरणं धरलं. “पाच वर्सं त्यानं गावात पेढा नाई खाल्ला, साहेब. माह्या पोरीसाटी.”

दौलतला मी कधी पाहिलं नव्हतं, आणि आता पाहण्यासारखं उरलं नव्हतं. त्याचंच वाईट वाटलं.

“हे मॅडमना सांगायला हवं. बाहेर जाणार नाही, माझा शब्द.”

“नाई.” तो ताडकन उठला. “आमी सारं देल्लं ना? डोळे देल्ले, गुर्दे देल्ले. एक ते राह्यलं तं काय झालं? जळू द्या त्याच्यासंग. त्यानं जे जपलं ते मी आज त्याच्याच नावानं इकू काय?”

“तिथं एक पोर आहे, चंपतभाऊ. तुमच्या पोरीचाच आजार. लहानपणापासून सुया घेऊन आता एक डोळा गेला, गुर्दे गेले.”

“माह्या पोरीचं काय होईन ते सांगा ना मंग!” तो ओरडला.

“माहं मीच पाहीन, बाबा.”

मनकर्णा गोठ्याच्या दाराशी उभी होती. केव्हापासून, देव जाणे.

सहा

तिला मॅडमशी बोलायचं होतं आणि मॅडमनाही तिच्याकडूनच ऐकायचं होतं. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावर मी ग्रंथी बसवणार नाही, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. आणि रेंज होती फक्त लिंबाखाली, भिवाजींच्या खाटेपाशी.

“जीपमध्ये बस,” मी म्हटलं. “सडकेवर जाऊन बोलू. कोणाला कळणार नाही.”

“पाहुन्यायच्या डोळ्यांदेखत मी जीपमंधी बसून गेली तं ते काय समजतीन?” ती म्हणाली. “अन् सडकेवर जाऊन आज झाकन. सासरी कुठं झाकू? कनगीमागं बसून, माय फडकं धरते तवा सुई घेतो मी. तिथं फडकं कोन धरीन?”

गयाबाई पडवीत रडायला लागली होती. भागीरथा दारात आली. तिनं चंपतकडे पाहिलं नाही, फक्त पुतणीकडे पाहिलं. मनकर्णा अंगणात उतरली. मी तिच्यामागं गेलो.

पाहुणे सरकून बसले. फोन लावून मी तिच्या हातात दिला.

“मैडम,” ती शाळेतल्या हिंदीत म्हणाली, “वो दवा मेरी है. काका की नहीं.”

मॅडमचा आवाज बारीक ऐकू येत होता. कधीपासून, दिवसातून किती वेळा, कुठं टोचतेस, बाटली कशी दिसते. मनकर्णा एकेकाचं उत्तर देत गेली. दवा दुधासारखी गढूळ असते. हलवायची नाही, दोन तळव्यांत धरून फिरवायची, मग भरायची. जेवणाआधी घ्यायची. एकदा घेऊन जेवण लांबलं तेव्हा ती विहिरीपाशी पडली होती, काकानं तोंडात गूळ कोंबला होता.

“काकाने कभी सुई ली?”

“कभी नहीं. सुई को डरता था. मैं लेती थी तो उधर मुँह करता था.”

मॅडमनी मला फोन द्यायला सांगितला. “सुई घेणाऱ्याशिवाय हे कोणी सांगू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “मी त्याची मांडी, पोट पुन्हा पाहिलं. रोज टोचणाऱ्याच्या कातडीखाली गाठी येतात, याला एक नाही. पुतणीला आहे म्हणून काकाला असलाच पाहिजे असंही नाही. मी पोट उघडते. आता राहिलं ते माझ्या हातांचं काम.” फोन बंद झाला.

भिवाजी खाटेवरून उठले. वाईट माणूस नव्हते ते. त्यांनी मनकर्णाच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला, मग टोपी सारखी केली.

“येतो आमी, चंपतराव,” ते म्हणाले.

येतो म्हणायची रीत असते. ते येणार नाहीत हे अंगणातल्या सगळ्यांना कळलं.

सात

दुसऱ्या दिवशी दौलत गावी आला. मीही आलो. यायचं कारण नव्हतं, पण घरी बसवेना.

मॅडमचा फोन सकाळी येऊन गेला होता. मी तो भागीरथाला सांगितला. ग्रंथी मऊ होती, सूज नव्हती, चरबी नव्हती, रंग चांगला होता. शिक्षिकेला बसवली. आज तिची साखर सुईशिवाय खाली यायला लागली आहे. पुढचं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, अंग परकी वस्तू नाकारूही शकतं. पण सध्या ती ग्रंथी काम करते आहे.

भागीरथानं सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे मी खरं बोलली होती, हे त्यायले पटलं?”

“पटलं, बाई.”

तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणानं रडली.

अग्नी चंपतनं दिला. ओढ्यावरून परतताना तो माझ्या बरोबरीनं चालत होता. मग रस्त्याकडे बघतच म्हणाला, “साहेब, एक इचारू? ते… दौलतचं ते, माह्या पोरीले नसतं का बसवता आलं?”

हा प्रश्न येणार, हे मला कालपासून ठाऊक होतं. मी खरं ते सांगितलं. तिचे गुर्दे अजून चांगले आहेत. परकी ग्रंथी टिकवायला जी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात, ती सुईपेक्षा वाईट. ज्याचं सगळं संपत आलं त्याच्यासाठीच हा उपाय. “तिच्यावर ती वेळ येऊ नये, असंच म्हणा,” मी म्हटलं. त्यानं मान हलवली. पटलं की नाही, माहीत नाही. मलाच धड पटलं नव्हतं.

अंगणात शेजाऱ्यांनी भाकरी आणि वरण आणून ठेवलं होतं. पुरुष माणसं लिंबाखाली पंगतीला बसली. ज्यानं अग्नी दिला त्यानं पहिला घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी, अशी इथली रीत. गाव चंपतच्या हाताकडे बघत होतं. कालची गोष्ट एव्हाना घरोघर पोचली होती, पण तोंडावर कोणी काढली नव्हती.

मनकर्णा घरातून बाहेर आली. तिच्या हातात बाटली आणि सुई होती. गयाबाई दारातून दबक्या आवाजात म्हणाली, “आत ये वो, माय.” ती आत गेली नाही. पडवीच्या पायरीवर बसली, तळव्यांत बाटली फिरवली, सुई भरली आणि दंडावर टोचली. पंगतीत कोणी खाकरलं, कोणी ताटात बघायला लागलं. देवाजीनं डोळे पुसले.

चंपतनं हातातला घास ताटात परत ठेवला. आता हा पोरीवर ओरडणार, असं मला वाटलं. अंगणात सगळ्यांनाच वाटलं असावं.

“गया,” तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, “पंगत थांबू दे. आदी पोरीले वाढ. सुई घेतली तिनं, आता तिले थांबता येत नाई.”